करून शिकणे आणि ऐकून शिकणे : प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनाविषयीची चर्चा महाविद्यालयांमध्ये बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : प्रोग्रॅमिंग हा विषय वर्गात शिकवावा की प्रयोगशाळेत? व्याख्यानाची बाजू उघडपणे घेणारा प्राध्यापक आज जवळजवळ उरलेला नाही. ‘खडू-फळा’ हा शब्दप्रयोगच दूषणासारखा वापरला जातो. अभ्यासमंडळांच्या बैठकांत आणि मूल्यांकन समित्यांपुढील सादरीकरणांत ‘कृतियुक्त’ आणि ‘विद्यार्थिकेंद्री’ या विशेषणांना विरोध होत नाही. इतके एकमत असूनही तीन वर्षे नियमित प्रात्यक्षिके केलेला, प्रमाणित जर्नल हाती असलेला पदवीधर नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत साधा प्रोग्रॅम लिहिताना अडखळतो आणि पुढे शहरातील खाजगी क्लासची फी भरून तेच विषय नव्याने शिकतो, ही गोष्ट ग्रामीण महाविद्यालयांतील कोणत्याही अध्यापकास नवी नाही. दौंड किंवा शिरूर तालुक्यातील ज्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी असते, त्या घराला ती फी आणि पुण्यातील खोलीचे भाडे दोन्ही जड जाते. तेव्हा हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्रातील वादाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात व्याख्यान विरुद्ध प्रात्यक्षिक या मांडणीचीच चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हा भेद मुळात जागेचा आणि वेळापत्रकाचा आहे; शिकण्याच्या प्रक्रियेचा नव्हे. विद्यार्थ्याने केलेली चूक त्याच्यापर्यंत परत येते काय, आणि आलेली चूक वाचण्यास त्याला कोणी शिकविते काय, यावर प्रोग्रॅमिंगचे शिकणे अवलंबून असते. हा मुद्दा तपासण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातीलच दोन गावे, शिरूर तालुक्यातील पाबळ आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ, करून शिकण्याची दोन परस्परविरोधी रूपे समोर ठेवतात.

पाबळ : काम आणि त्याचा गिऱ्हाईक

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत संशोधन केलेला आणि हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर काम केलेला हा शास्त्रज्ञ नोकरी सोडून खेड्यात आला, तो हाताने काम करताना बुद्धी वाढते हा विचार पडताळून पाहण्यासाठी. संस्थेचे छत्र होते जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे. विचाराची पूर्वपीठिका अर्थातच १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमची. मात्र कलबाग यांनी चरख्याच्या जागी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आरोग्य-तपासणी अशी बहुविध कौशल्ये आणली. शालेय शिक्षणात अपयशी ठरलेली मुले येथे एका वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम करू लागली.

पाबळच्या प्रयोगाचे वर्णन ‘करत करत शिकणे’ या तीन शब्दांत करण्याची पद्धत आहे. ते वर्णन अपुरे आहे. आश्रमातील मुलांनी केलेले काम गावातील कोणाच्या तरी उपयोगाचे असे. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणे असो किंवा घुमटाकार घराचा सांगाडा उभारणे असो, त्या कामाला एक गिऱ्हाईक होता. घर वापरणारा माणूस त्यात राहणार होता. विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्याला आपले पैसे कोठे घालायचे हे त्या मोजणीवरून ठरवायचे होते. काम चुकले तर ते परीक्षकाच्या लाल शाईतून कळत नसे. वापरणाऱ्याच्या तक्रारीतून कळत असे. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ सुरू झाली, तेव्हा अंकीय यंत्रसामग्रीसुद्धा याच क्रमाने आली : आधी गावातली अडचण, मग तीवर उपकरण. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले. त्यांच्या विचाराचा गौरव पुष्कळ झाला. पण गौरव करणाऱ्यांनी बहुधा ‘कृती’ उचलली आणि ‘गिऱ्हाईक’ पाबळलाच राहू दिला.

शालेय पातळीवर हे पूर्वी घडून गेलेले आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. तिचे शाळांमधून झालेले रूपांतर, म्हणजे चिकटवलेली कात्रणे, खडूच्या रिकाम्या खोक्यांची घरे आणि वर्षाअखेरीस भरायचे रकाने, शिक्षक झालेल्या कोणासही आठवेल. काम राहिले, कामाचे कारण गेले. संगणकाच्या प्रयोगशाळेत तेच घडले आहे की काय, हे पाहण्याआधी करून शिकण्याच्या तत्त्वाची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. ती पाबळमध्ये दिसत नाही, कारण तेथे काम करणाऱ्याच्या हातात लोखंड, माती आणि पाणी असते. कच्चे वेल्डिंग ताण पडताच सुटते. वस्तूच उत्तर देते. प्रोग्रॅममध्ये ही वस्तू नसते. संकलक, म्हणजे कंपायलर, केवळ व्याकरणाची चूक दाखवितो. अर्थाची चूक तो दाखवीत नाही. एका ठराविक उदाहरणासाठी बरोबर उत्तर छापणारा प्रोग्रॅम दुसऱ्या उदाहरणाला चुकेल काय, याविषयी पडदा मौन पाळतो. विद्यार्थ्याला मात्र त्या मौनाचा अर्थ ‘बरोबर’ असा वाटतो.

कुरकुंभ : जेथे चुकायला मनाई आहे

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ येथे औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक वसाहत आहे. दौंड परिसरातील अनेक विद्यार्थ्यांचे वडील, भाऊ किंवा शेजारी तेथे पाळीवर जातात. औषधी द्रव्यांचे वा मध्यवर्ती रसायनांचे उत्पादन करणाऱ्या कारखान्यात नव्या कामगाराला ‘करून पाहा, चुकलास तर कळेल’ असे कोणी सांगत नाही. उष्णतादायी अभिक्रियेत एखादे द्रव्य ठरलेल्या वेगापेक्षा लवकर ओतले किंवा थंड पाण्याचा प्रवाह वेळेवर सुरू केला नाही, तर पहिली चूकच शेवटची ठरू शकते. आगीच्या दुर्घटना या वसाहतीने पाहिलेल्या आहेत. म्हणून तेथे आधी सांगितले जाते, मग दाखविले जाते, मग देखरेखीखाली करू दिले जाते आणि प्रत्येक पायरीची नोंद बॅचच्या कागदावर सहीनिशी होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट या व्यवसायाचे शिक्षणही याच क्रमाने चालते. हेही करून शिकणेच आहे, पण त्यात सांगण्याला अग्रस्थान आहे.

प्रोग्रॅमरची स्थिती याच्या उलट आहे. संगणकावर एका तासात पन्नास चुका करता येतात आणि वायफळ खर्च होतो तो केवळ वेळेचा. करून शिकण्याची सॉफ्टवेअरमधील महती या स्वस्ताईतून आलेली आहे. ती सर्वकाळची नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा प्रोग्रॅम पत्त्यांवर छिद्रे पाडून द्यावा लागे आणि उत्तरासाठी थांबावे लागे. त्या काळातला प्रोग्रॅमर कागदावर ओळीन् ओळ चालवून पाहत असे, कारण त्याची चूक महाग होती. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ मध्ये तर असे सुचविले की पहिल्या अभ्यासक्रमातील प्रोग्रॅमिंगची भाषा विद्यापीठातील संगणकावर उपलब्धच असू नये. विद्यार्थ्याला चालवून पाहण्याचा मोहच होऊ नये, प्रोग्रॅम बरोबर आहे हे त्याने सिद्ध करावे. ही सूचना कोणी अमलात आणील असे वाटत नाही आणि आणूही नये. दौंडच्या विद्यार्थ्याला संगणकापासून आणखी दूर नेण्याने काय साधणार? तरीही तिच्यामागील शंका खरी आहे. चालवून पाहणे हे विचार करण्याला पर्याय होऊन बसते.

या शंकेचे सर्वांत कठोर उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्राने रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिल्याच्या सहा घटना घडल्या आणि त्यांत रुग्ण दगावले. कारणांपैकी एक असे होते की अनुभवी तंत्रज्ञाने पडद्यावरील नोंद फार झपाट्याने दुरुस्त केली, तर प्रोग्रॅममधील दोन समांतर क्रियांचा मेळ चुकत असे. हळू काम करणाऱ्याच्या हाती हा दोष प्रकटच होत नसे. अशी चूक कितीही वेळा ‘करून’ पाहिले तरी सापडत नाही. समांतर क्रियांचा सिद्धांत माहीत असलेल्यालाच ती शोधावी असे सुचते. कुरकुंभसारख्या ठिकाणी अभिक्रियेचे तापमान आणि दाब सांभाळण्याचे काम जेव्हा संगणकीय नियंत्रण प्रणालीकडे असते, तेव्हा स्वस्त चुकीचे जग आणि महाग चुकीचे जग यांच्यातील भिंत राहत नाही.

व्याख्यानाची बाजू

व्याख्यान हा प्रकार महाराष्ट्रात परका नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ऐकून शहाणे होण्याची सवय या समाजाने जोपासली. महाविद्यालयीन अध्यापकाचे पदनामही दीर्घकाळ ‘अधिव्याख्याता’ असेच होते. सहाव्या वेतन आयोगानंतर ते ‘सहायक प्राध्यापक’ झाले. पदातून व्याख्यान गेले, वेळापत्रकातून गेले नाही.

व्याख्यानाविरुद्ध सर्वाधिक उद्धृत होणारा पुरावा म्हणजे स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले एकत्रित विश्लेषण. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचा त्यात आढावा आहे. पारंपरिक व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. हा फरक नाकारण्याजोगा नाही. पण तो ‘प्रयोगशाळा विरुद्ध वर्ग’ असा वाचला जातो, तेथे घोटाळा होतो. त्या विश्लेषणातील सक्रिय अध्ययन म्हणजे वर्गात मध्येच थांबून गटात सोडविलेले प्रश्न, प्रत्येकाने आधी स्वतंत्र दिलेले आणि मग शेजाऱ्याशी वाद घालून बदललेले उत्तर, अशा गोष्टीही आहेत. त्या खुर्च्या, फळा आणि अध्यापक असलेल्या व्याख्यानगृहातच घडतात. म्हणजे या पुराव्याने व्याख्यानगृह बाद होत नाही. विद्यार्थ्याला चुकण्याची संधी न देणारे तास बाद होतात.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की बीजगणितात नवशिक्याला सोडवायला प्रश्न देण्यापेक्षा आधी सोडविलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर तो लवकर शिकतो. २००६ मध्ये किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क यांनी अल्पमार्गदर्शनाच्या सर्वच शिक्षणपद्धतींवर टीका केली. नवशिक्याचे मन एका वेळी थोड्याच गोष्टी पेलू शकते आणि मोकळे सोडल्यास ते शोधाशोधीतच थकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे पाहिले असता तो पटतो. अर्धविरामचिन्ह कोठे राहिले हे शोधण्यात त्याचा तास जातो आणि ‘लूप’ म्हणजे काय हा विचार त्याच्या वाट्याला येतच नाही. मात्र हाच युक्तिवाद तृतीय वर्षाला लागू केला तर तो उलटतो. जाणकाराला सोडविलेली उदाहरणे कंटाळवाणी आणि निरुपयोगी होतात. अभ्यासक्रमात मात्र तिन्ही वर्षांना तोच साचा असतो.

जर्नल नावाची व्यवस्था

आता प्रत्यक्ष प्रयोगशाळेकडे वळता येईल. ग्रामीण महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेचा इतिहास हा यंत्रांच्या टंचाईचा आहे. २००० च्या दशकात भारनियमनाचे तास सांभाळून प्रात्यक्षिके लावावी लागत. एका यंत्रावर दोघे-तिघे बसत, त्यांतील एकजण टंकलेखन करी आणि उरलेले पाहत. पाहणाऱ्यांसाठी ते प्रात्यक्षिक व्याख्यानच होते, तेही न बोलणाऱ्या व्याख्यात्याचे. आज यंत्रे पुष्कळ ठिकाणी पुरेशी आहेत. प्रश्न उरतो तो अध्यापकाच्या वेळेचा. वीस विद्यार्थ्यांची तुकडी आणि दोन तासांचे प्रात्यक्षिक धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. हजेरी आणि जर्नल तपासणी त्यातच.

या सहा मिनिटांना पर्याय म्हणून जर्नल ही व्यवस्था जन्माला आली. कार्यपुस्तिकेतील चढत्या काठिण्याचे प्रश्नसंच, त्यांची उत्तरे, त्यांखाली सही आणि सत्राअखेर प्रमाणपत्र. संकल्पनेत दोष नाही. रसायनशास्त्रातील निरीक्षणवहीचा तो वारसा आहे. परंतु रसायनशास्त्रातील जर्नलमध्ये त्या दिवशीचे, त्या विद्यार्थ्याच्या हातचे ब्यूरेटचे वाचन असते. संगणकाच्या जर्नलमध्ये असतो तो अंतिम, बरोबर चाललेला प्रोग्रॅम. त्यात चुकीची नोंद कोठेही नाही. जे शिकण्याचे ठिकाण होते, म्हणजे पहिला चुकलेला प्रयत्न, दुसरा वेगळ्या रीतीने चुकलेला प्रयत्न, तेच पानावरून पुसले जाते. सारख्या उत्तरांची वीस जर्नले म्हणूनच शक्य होतात. वार्षिक वा सत्र परीक्षेतील प्रात्यक्षिक ‘स्लिपां’चे प्रश्न आधी माहीत असतात, तेव्हा पाठांतराची रीत प्रयोगशाळेतही येते. ज्या दोषासाठी व्याख्यानपद्धतीवर टीका झाली, तो दोष प्रात्यक्षिकात अधिक गडद होऊन आला, कारण येथे तो ‘कृती’च्या नावाखाली लपतो.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि हे लपणेही संपले. मागाल तो प्रोग्रॅम काही क्षणांत लिहून देणारे साधन प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. आता बरोबर चालणारा प्रोग्रॅम हा विद्यार्थ्याच्या श्रमाचा पुरावा राहिलेला नाही. याने प्रात्यक्षिक निरर्थक झाले असे म्हणणारे अध्यापक भेटतात. त्यांचे म्हणणे घाईचे आहे. निरर्थक झाले ते जर्नल. दुसऱ्याने किंवा यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम वाचणे, तो कोठे चुकेल हे ओळखणे आणि तो बदलणे हे काम पूर्वीपेक्षा वाढले आहे. पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच मांडले होते की प्रोग्रॅमिंग म्हणजे मजकूर तयार करणे नव्हे, तर करणाऱ्याच्या मनात त्या विषयाची उपपत्ती उभी राहणे. प्रोग्रॅमचा मजकूर आणि दस्तऐवज हाती देऊनही ती उपपत्ती दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. चार दशकांपूर्वीचा हा विचार आजच्या प्रयोगशाळेसाठी लिहिल्यासारखा वाटतो.

तासांचा हिशेब आणि चुकीचा वाचक

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या श्रेयांक पद्धतीत व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचा तास व्याख्यानाच्या तासाच्या निम्म्या मोलाचा, असा याचा अर्थ होतो. कृतीचा एवढा गौरव आणि हिशेबात ही किंमत! याहून महत्त्वाची अडचण अशी की या दोन रकान्यांच्या मधले काही मांडायला जागाच नाही. अध्यापकाने वर्गात पडद्यावर स्वतः प्रोग्रॅम लिहायला घ्यावा, मध्येच चुकावे, चूक का झाली हे मोठ्याने विचार करून शोधावे आणि पुढे काय होईल ते विद्यार्थ्यांना आधी कागदावर लिहायला लावावे, हे व्याख्यान की प्रात्यक्षिक? असा तास घेणारे अध्यापक आहेत. त्यांचे विद्यार्थी चुकीच्या संदेशाला घाबरत नाहीत, कारण सरांना तो आलेला त्यांनी पाहिलेला असतो. चूक न करता उत्तर फळ्यावर उतरविणारा विद्वान अध्यापक या बाबतीत कमी पडतो, हे मान्य करायला थोडे जड जाते.

पुण्यातील सी-डॅकचा प्रगत संगणनाचा सुमारे सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम या संदर्भात पाहण्याजोगा आहे. पदवीनंतर तेथे जाण्यासाठी ग्रामीण विद्यार्थीही प्रवेशपरीक्षा देतात. व्याख्यान, त्याला जोडून त्याच विषयाचे प्रयोगशाळेतील काम आणि शेवटी प्रकल्प असा त्याचा क्रम असतो. व्याख्यानाला तेथे फाटा दिलेला नाही. ऐकणे आणि करणे यांतील अंतर कमी केलेले आहे. सोमवारी ऐकलेला भाग पुढच्या आठवड्यातील तुकडीच्या वारी करायचा, या महाविद्यालयीन वेळापत्रकाशी त्याची तुलना करावी. तेवढ्या काळात प्रश्न विसरला जातो आणि विद्यार्थी उत्तर तेवढे उतरवून घेतो.

पाबळमधला गिऱ्हाईक संगणकाच्या प्रात्यक्षिकात आणणे अशक्य नाही. दौंड परिसरात दूध संकलन केंद्रे आहेत, सहकारी पतसंस्था आहेत, महाविद्यालयाचे स्वतःचे ग्रंथालय आहे. पन्नास सभासदांची दुधाची दहा दिवसांची नोंद घेऊन हिशेब काढणारा प्रोग्रॅम हा पाठ्यपुस्तकातील ‘विद्यार्थ्यांचे गुण आणि सरासरी’ या प्रश्नाहून तांत्रिकदृष्ट्या फारसा अवघड नाही. फरक एवढाच, की फॅटचा आकडा रिकामा राहिला तर काय करायचे, एकाच सभासदाने सकाळी दोनदा दूध घातले तर काय, हे प्रश्न केंद्रावरचा माणूस विचारतो. विद्यार्थ्याला ते सुचलेले नसतात. त्याला पहिल्यांदाच कळते की त्याचा बरोबर चाललेला प्रोग्रॅम बरोबर नव्हता. अर्थात एकेका अध्यापकाने वीस विद्यार्थ्यांसाठी असे वीस गिऱ्हाईक शोधावेत ही अपेक्षा अवाजवी आहे. एका तुकडीला एक पुरतो.

परीक्षेत करायचा बदल याहून लहान आहे. बहिःस्थ परीक्षकाने विद्यार्थ्याचा जर्नलमधील कोणताही एक प्रोग्रॅम उघडावा, त्यातील एक ओळ बदलावी आणि आता पडद्यावर काय येईल ते प्रोग्रॅम न चालवता विचारावे. मग चालवावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर का जुळली नाहीत, यावर पाच मिनिटे बोलू द्यावे आणि गुण त्या पाच मिनिटांना द्यावेत.